राखीव विजेची तब्येत

मुळशी तालुक्याची हद्द जिथे मावळाला भिडते, त्या पट्ट्यात कासारसाई वसलेले आहे. गावालगतच्या धरणात सुमारे अर्धा अब्ज घनफूट पाणी मावते, दारुंब्रेच्या शिवेला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना उभा आहे आणि काही किलोमीटरवर हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या इमारती आहेत. पाणी, ऊस आणि संगणक यांवर जगणाऱ्या या पट्ट्यात वीज गेल्यावर जे काही चालू राहते, ते कुठल्या ना कुठल्या बॅटरीच्या जोरावर चालते. मग तो घरातला इन्व्हर्टर असो, मोबाईलचा टॉवर असो, पतसंस्थेतला यूपीएस असो, कारखान्याचा नियंत्रण कक्ष असो की महावितरणच्या उपकेंद्रातले रिले असोत. या बॅटऱ्यांकडे वर्षातले बहुतेक दिवस कोणी काही मागत नाही आणि ज्या क्षणी मागितले जाते, त्या क्षणी त्यांचा नकार परवडत नाही. अशा वस्तूची तब्येत आधीच कशी ओळखावी हा प्रश्न दिसायला किरकोळ असला, तरी त्याचे उत्तर न शोधल्याची किंमत अनेक ठिकाणी मोजली गेली आहे.

महाराष्ट्रातल्या घराघरात इन्व्हर्टर शिरला तो भारनियमनाच्या काळात. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तेव्हा मागणी आणि उपलब्ध वीज यांतली दरी इतकी रुंदावली होती की ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. पुण्यात २००६ साली उद्योगांनी आपापले डिझेल जनरेटर चालवून शहराची तूट भरून काढावी आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी थोडाथोडा उचलावा अशी योजना अमलात आली व ती ‘पुणे पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. पण शहराच्या हद्दीबाहेरच्या गावांना तिचा लाभ नव्हता आणि तिथे ज्याला परवडले त्याने बॅटरी विकत घेतली. त्या काळातल्या बॅटऱ्यांवर ताण मोठा होता हे खरे, तरी त्यांची एक गोष्ट चांगली होती. त्या रोज वापरल्या जात, रोज उतरत आणि रोज भरत, त्यामुळे बॅटरी थकू लागली की घरातल्या मंडळींना ते आठवडाभरात कळे. काल तीन तास चाललेला पंखा आज दोन तासांत मंदावला की मेकॅनिकला निरोप जाई.

पुढे वीजपुरवठा सुधारला, भारनियमन ओसरले आणि त्याबरोबर ही रोजची परीक्षाही थांबली. आता वीज जाते ती दहा-पंधरा मिनिटांसाठी, कधी वादळात झाडाची फांदी तारेवर पडल्यामुळे, कधी डीपीवरचा फ्यूज उडाल्यामुळे. आणि तेवढा वेळ तर अर्धी मेलेली बॅटरीसुद्धा काढते. वीज जितकी भरवशाची होत गेली, तितके राखीव विजेच्या प्रकृतीविषयीचे अज्ञान वाढत गेले, आणि या विषयाचे खरे मर्म इथेच आहे. ६ जुलै २०२५ रोजी हिंजवडीत २२० किलोव्होल्टच्या भूमिगत वाहिन्यांत बिघाड होऊन परिसरातल्या हजारो ग्राहकांचा पुरवठा बंद पडला. अशी लांबलेली वेळ येते तेव्हाच कागदावरचे ‘चार तास बॅकअप’ प्रत्यक्षात किती उरले आहेत ते उघड होते आणि तोवर उपाय करण्याची संधी गेलेली असते.

बॅटरीची तब्येत समजून घ्यायची तर तिच्या पोटात काय घडते ते आधी पाहिले पाहिजे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवलेली शिसे-आम्लाची बॅटरी मूळ तत्त्वाने आजही तीच आहे. एका बाजूला शिशाच्या डायऑक्साइडची धन प्लेट, दुसऱ्या बाजूला सच्छिद्र शिशाची ऋण प्लेट आणि दोहोंच्या मध्ये पातळ गंधकाम्ल, अशी एका सेलची रचना असते. असा एक सेल सुमारे २ व्होल्ट देतो आणि सहा सेल एकापुढे एक जोडले की घरगुती इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी तयार होते. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट साचते आणि आम्लातला गंधकाम्लाचा अंश कमी होऊन ते पाणचट होते. चार्जिंगच्या वेळी हीच क्रिया उलटी होते. उलटी होते खरी, पण दर वेळी पूर्णपणे नाही. थोडे सल्फेट कडक स्फटिक होऊन प्लेटवरच राहते, धन प्लेटमधली शिशाची जाळी किंवा काड्या हळूहळू गंजतात, प्लेटवरचा सक्रिय लेप सुटून तळाशी गाळ बनून बसतो, आणि सीलबंद बॅटरीत आतले पाणी वर्षानुवर्षे थोडेथोडे उडून जाते. या चारही क्रिया कोणी बॅटरी वापरो वा न वापरो, सुरूच असतात.

इथे दोन गोष्टींत फरक करावा लागतो आणि बहुतेक गोंधळ हा फरक न केल्यामुळे होतो. बॅटरी या क्षणी किती भरलेली आहे ही तिची भारस्थिती, आणि पूर्ण भरल्यावर ती एकूण किती वीज धरू शकते ही तिची आरोग्यस्थिती. रांजणात पाणी काठोकाठ आहे की नाही हे वरून डोकावून कळते, पण तळाशी अर्धा रांजण गाळाने भरला असेल तर ते वरून दिसत नाही. इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा किंवा यूपीएसच्या पडद्यावरचे ‘१०० टक्के’ हे शब्द केवळ भारस्थिती सांगतात. निम्मी क्षमता गमावलेली १२ व्होल्टची बॅटरीसुद्धा पूर्ण भरून काही तास स्वस्थ ठेवली तर मीटरवर साडेबारा व्होल्टच्या आसपासच आकडा दाखवते, कारण तो आकडा आम्लाच्या तीव्रतेवर ठरतो, शिल्लक राहिलेल्या सक्रिय शिशाच्या प्रमाणावर नव्हे. केवळ मीटर लावून ‘बॅटरी ठणठणीत आहे’ असा दाखला देणे म्हणूनच चुकीचे आहे, आणि अनेक ठिकाणी देखभालीच्या कराराखाली नेमके एवढेच केले जाते.

पाणी टाकण्याच्या, म्हणजे उघड्या झाकणांच्या ट्यूब्युलर बॅटरीला यावर एक जुना, स्वस्त आणि विश्वासू साथीदार आहे, तो म्हणजे हायड्रोमीटर. काचेच्या नळीला वर रबरी फुगा आणि आत खुणा केलेला तरंगता काचदांडा, एवढेच त्याचे स्वरूप. फुगा दाबून नळीचे टोक सेलच्या तोंडात बुडवायचे, फुगा हळूच सोडून दांडा मोकळा तरंगेल एवढे आम्ल आत घ्यायचे, नळी सरळ उभी धरून डोळा पातळीशी आणायचा आणि दांड्यावरची खूण वाचायची. आम्ल जितके तीव्र तितका दांडा वर राहतो. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीत हे विशिष्ट गुरुत्व बहुधा १.२४० च्या जवळ असते. कारागीर त्याला सरळ ‘ग्रॅव्हिटी’ म्हणतात आणि आकडा ‘बाराशे चाळीस’ असा सांगतात. माप २७ अंश सेल्सिअसला धरायचे असते, त्याहून दर अंश वाढीला सुमारे ०.०००७ इतकी भर वाचनात घालावी लागते, म्हणजे मे महिन्यात ३७ अंशांवरचे आम्ल १.२३३ दाखवत असेल तर ते प्रत्यक्षात १.२४० आहे असे समजायचे. सगळ्या सहा सेलांचे माप एकसारखे थोडे कमी असेल तर बॅटरी नीट भरलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. पण पाच सेल १.२३५ वर आणि एकच १.१९० वर असेल, तर तो सेल आजारी आहे आणि बाकीच्यांनाही तो लवकरच ओढून नेणार आहे.

या साध्या परीक्षेतही एक फसगत वारंवार होते. डिस्टिल्ड वॉटर टाकल्याबरोबर कोणी माप घेतले तर ते हटकून कमी येते, कारण नवे पाणी हलके असल्याने वरच्या थरातच राहते आणि जड आम्ल तळाशी असते. चार्जिंगच्या शेवटी निघणाऱ्या बुडबुड्यांनी हे थर ढवळले गेले की मगच वाचन खरे मानावे. माप कमी आले म्हणून वरून आम्ल ओतणे हा त्याहून मोठा अपराध आहे, कारण सेलमधून उडून गेलेले असते ते पाणी. आम्ल आतच असते, बहुधा सल्फेटच्या रूपाने प्लेटवर अडकलेले. त्यात आणखी आम्ल घातले की ग्रॅव्हिटी छान दिसते आणि प्लेट झपाट्याने खाल्ली जाते. नळाचे किंवा बोअरचे पाणी टाकण्याची सवयही अशीच घातक, कारण त्यातले क्षार आणि लोह सेलच्या आत कायमचे राहतात. टर्मिनलवर साचणारी पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून पुसावी, जोड कोरडे करून आवळावेत आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. सैल किंवा गंजलेल्या जोडात इतकी वीज वाया जाते की चांगली बॅटरीही आजारी भासते. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. दिवाळीत इन्व्हर्टरच्या कोनाड्याशेजारी पणती ठेवण्याचा मोह होतो, तो टाळलेलाच बरा.

सीलबंद बॅटरीत मात्र हायड्रोमीटरला वाव नाही. यूपीएस आणि टॉवर यांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या या बॅटऱ्यांना झडप-नियंत्रित बॅटऱ्या म्हणतात, कारण आतला दाब वाढला तरच त्यांची झडप उघडते. त्यांतले आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले किंवा जेलीसारखे घट्ट केलेले असते. देखभालीची गरज नाही असे सांगून त्या विकल्या जातात आणि पाणी टाकावे लागत नाही एवढ्यापुरते ते खरेही आहे, पण तपासणीची गरज नाही असा त्याचा अर्थ लावला गेला आणि त्यातून फार नुकसान झाले. अशा बॅटरीचे आरोग्य बाहेरून जोखण्यासाठी तिचा अंतर्गत रोध मोजतात. एक छोटे उपकरण टर्मिनलांवर लावून त्यातून थोडा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला जातो आणि त्यामुळे व्होल्टेजमध्ये होणाऱ्या बारीक चढउतारावरून रोध काढला जातो. हा रोध ओहमच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिओहममध्ये येतो. जाळी गंजली, गादी कोरडी पडली किंवा प्लेटवर सल्फेट साचले की रोध वाढतो. एकट्या आकड्याला इथे फारसा अर्थ नसतो; बॅटरी नवी असताना, बसवून काही महिने स्थिरावल्यावर घेतलेला पहिला आकडा हाती असेल आणि त्यापेक्षा आजचा आकडा तीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेला असेल, तरच ती बॅटरी संशयित ठरते. ज्याने पहिल्या वर्षी नोंद ठेवली नाही त्याला पाचव्या वर्षी महागडे उपकरणही फारसे काही सांगू शकत नाही.

हिंजवडीसारख्या ठिकाणच्या मोठ्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टच्या तीस-चाळीस बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. चाळीस बॅटऱ्यांची माळ म्हणजे दोनशे चाळीस सेल आणि त्या सर्वांतून तोच एक प्रवाह वाहतो, त्यामुळे संपूर्ण माळेचा जोर तिच्यातल्या सर्वांत दुबळ्या सेलइतकाच असतो आणि एखाद्या सेलचा आतला जोड तुटला तर उरलेल्या दोनशे एकोणचाळीस सेलांचा काहीच उपयोग उरत नाही. माळेचे एकूण व्होल्टेज पाहून हे कळत नाही. एका बॅटरीत अर्ध्या व्होल्टची घट झाली तर सव्वापाचशे-साडेपाचशे व्होल्टच्या आकड्यात ती हरवून जाते. मोठ्या संस्था आता प्रत्येक बॅटरीवर स्वतंत्र संवेदक बसवून व्होल्टेज, तापमान आणि रोध यांची अखंड नोंद ठेवतात. ज्यांना तेवढा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. माळेच्या बरोबर मध्यावर एक तार काढायची आणि दोन्ही अर्ध्यांच्या व्होल्टेजची तुलना करायची. निरोगी माळेत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतात आणि त्यांत फरक वाढत गेला की कोणत्या अर्ध्यात शोध घ्यायचा ते लगेच कळते. पतसंस्था, छोटे रुग्णालय किंवा शाळेची संगणक खोली यांना एवढे सहज करता येण्याजोगे आहे.

बॅटरीच्या वैऱ्यांत उष्णता अव्वल आहे. शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत साधारण असे धरले जाते की ठरलेल्या तापमानापेक्षा ८ ते १० अंश जास्त उष्ण जागी ती सतत राहिली, तर तिचे आयुष्य निम्मे होते. २७ अंशांना दहा वर्षे टिकेल अशी म्हणून घेतलेली बॅटरी उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या टॉवरच्या लोखंडी पेटीत ठेवली, की ती पाच वर्षांतच का बसली याचे कोडे पडण्याचे कारण नाही. उष्णतेत चार्जिंगचे व्होल्टेजही कमी करावे लागते, दर सेलमागे दर अंशाला सुमारे ३ मिलिव्होल्ट. चार्जरला तापमानाचा संवेदक जोडलेला नसेल तर उन्हाळाभर बॅटरी जास्त चार्ज होत राहते, तापते, तापल्यामुळे आणखी प्रवाह ओढते आणि शेवटी तिची पेटी फुगते. फुगलेली पेटी दिसली तर मोजमापाची वाट न पाहता ती बॅटरी जोडणीतून काढावी.

घरातली किंवा कचेरीतली बॅटरी बसली तर गैरसोय होते. वीज उपकेंद्रातली बॅटरी बसली तर दुर्घटना घडते, आणि याविषयी सामान्य वाचकांना फारशी माहिती नसते. गावाला वीज देणाऱ्या ३३/११ किलोव्होल्ट उपकेंद्रात वाहिनीवर बिघाड झाला की रिले तो ओळखतो आणि सर्किट ब्रेकरला उघडण्याचा हुकूम देतो. पण हा हुकूम अमलात आणणारी ट्रिप कॉइल बॅटरीच्या एकदिश विजेवर चालते. तशी सोय मुद्दामच केलेली असते, कारण मोठ्या बिघाडात आजूबाजूचे व्होल्टेजच कोसळते आणि मुख्य विजेवर अवलंबून राहता येत नाही. एरवी रिले आणि दिवे यांना लागणारी थोडीशी वीज चार्जर पुरवत असतो. म्हणजे बॅटरीचा जोड तुटलेला असला किंवा तिच्यातला एखादा सेल मेलेला असला, तरी पॅनेलवरचा व्होल्टमीटर चार्जरच्या जोरावर अगदी योग्य आकडा दाखवत राहतो. बिघाड होतो, व्होल्टेज कोसळते, चार्जर बंद पडतो आणि नेमक्या त्याच क्षणी बॅटरी जागेवर नसल्याचे कळते. ब्रेकर उघडत नाही, बिघाडाचा प्रचंड प्रवाह वाहत राहतो, तुटलेली तार जिवंत राहते, रोहित्र जळण्याची वेळ येते, आणि अखेर वरच्या उपकेंद्रातील ब्रेकर उशिरा उघडून कितीतरी मोठा परिसर अंधारात जातो. अतिउच्च दाबाच्या उपकेंद्रांत याचसाठी बॅटऱ्यांचे दोन स्वतंत्र संच ठेवण्याची पद्धत आहे. लहान उपकेंद्रांत बहुधा एकच संच असतो. त्याची सर्वांत सोपी चाचणी म्हणजे ठरलेल्या वेळी, जबाबदार अभियंत्याच्या देखरेखीखाली, चार्जर काही मिनिटे बंद करून बॅटरी एकटी भार पेलते का ते पाहणे. या चाचणीला पैसा लागत नाही, वेळापत्रक आणि सही लागते.

मुळशीच्या संदर्भात आणखी एक बाब सांगण्यासारखी आहे. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला, त्या मुळशीच्या पाण्यावर भिरा येथे १९२७ पासून वीज तयार होऊ लागली. जलविद्युत केंद्रांचे एक वैशिष्ट्य असे की संपूर्ण जाळे कोसळल्यावर बाहेरच्या विजेविना उभी राहण्याची क्षमता त्यांच्यात तुलनेने सहज ठेवता येते. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारताचे जाळे कोसळले, तेव्हा ते पुन्हा उभे करताना जलविद्युत केंद्रांची मोठी मदत झाली. पण शून्यातून उभे राहण्यासाठी त्या केंद्रांतील नियंत्रणे, झडपा आणि ब्रेकर यांनाही पहिली वीज बॅटरीच देते.

साखर कारखान्यांत हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. गाळप हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन वसंत ऋतूपर्यंत चालतो आणि मग यंत्रे कित्येक महिने थंड असतात. टर्बाइन चालू असताना वीज अचानक गेली तर त्याचा जड रोटर थांबायला बराच वेळ घेतो आणि तोवर बेअरिंगांना तेल मिळत राहणे अत्यावश्यक असते; त्यासाठी बॅटरीवर चालणारा आणीबाणीचा तेलपंप ठेवलेला असतो. तो पंप सुरू झाला नाही तर काही क्षणांत बेअरिंगचा पांढरा धातू वितळतो आणि कोट्यवधींचे यंत्र ऐन हंगामात निकामी होते. बंद हंगामात चार्जर बंद करून ठेवलेली बॅटरी आपोआप उतरत जाते, उन्हाळ्यात अधिक वेगाने, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की सल्फेट घट्ट होते. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या कार्यक्रमाला मान्यवर जमतात, हार घातले जातात, नारळ फुटतात. त्याच्या आदल्या आठवड्यात बॅटरीची भारचाचणी झाली होती का, याची विचारणा संचालकांच्या बैठकीत व्हायला हरकत नसावी.

बॅटरी निकामी झाल्यावर काय होते याचे जगाने पाहिलेले सर्वांत गंभीर उदाहरण जपानमधले आहे. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीचे पाणी फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्रात शिरले तेव्हा डिझेल जनरेटरांबरोबर काही संयंत्रांच्या बॅटऱ्याही बुडाल्या. नियंत्रण कक्षातले मापक काळे पडले आणि अणुभट्टीतील पाण्याची पातळी किती आहे हे कळेनासे झाले. कर्मचाऱ्यांनी मोटारींच्या बॅटऱ्या गोळा करून मापकांना जोडल्या, तेव्हा कुठे काही आकडे दिसू लागले. तिथे दोष देखभालीचा नसून जागेच्या निवडीचा होता, पण इतक्या अवाढव्य व्यवस्थेचे डोळे अखेर बॅटरीवर उघडे राहतात हे त्या दिवशी स्पष्ट झाले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज सकाळी दहाच्या सुमारास गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि करोनाचे रुग्ण भरलेल्या रुग्णालयांना राखीव विजेवर विसंबावे लागले. अशा प्रसंगी बॅटरीचे काम जनरेटर उठेपर्यंतचे असते आणि जनरेटरला उठवणारीही एक बॅटरीच असते. जनरेटर सुरू न होण्याच्या कारणांत ही सुरुवातीची बॅटरी सतत वरच्या क्रमांकावर असते, तरीही यूपीएसच्या बॅटऱ्यांची यादी करताना तिचे नाव बहुधा राहून जाते.

टॉवर आणि नव्या यूपीएसमध्ये आता लिथियमच्या बॅटऱ्या येत आहेत आणि त्यांच्यासोबत देखरेखीची यंत्रणा आतच बसवलेली येते, कारण तिच्याविना त्या वापरणे धोक्याचे असते. बीएमएस या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा प्रत्येक सेलचे व्होल्टेज आणि तापमान पाहते, आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब ठेवते आणि मर्यादा ओलांडली तर बॅटरी तोडते. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या सेलचे व्होल्टेज बराच काळ ३.२ ते ३.३ च्या आसपास सपाट राहते, म्हणून व्होल्टेजवरून अंदाज बांधणे शिशाच्या बॅटरीपेक्षाही अवघड आणि हा हिशेब अपरिहार्य. अंतर्भूत यंत्रणा आहे म्हणून माणसाची जबाबदारी मात्र संपत नाही. दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी विदाकेंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी दहा वर्षांहून अधिक जुन्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली आणि सहाशेहून अधिक शासकीय संगणक सेवा बंद ठेवाव्या लागल्या. हिंजवडीत मुख्यालय असलेल्या केपीआयटीने आयसर पुणेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. उद्या अशा बॅटऱ्या टॉवरखाली आल्या तरी त्यांच्या वयाची नोंद कोणाला तरी ठेवावीच लागेल.

ही सारी मोजमापे उपयुक्त असली, तरी बॅटरीच्या आरोग्याचा अंतिम निवाडा एकाच परीक्षेत होतो, आणि ती म्हणजे प्रत्यक्ष भार लावून बॅटरी उतरवून पाहणे. १०० अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी पूर्ण भरून तिच्यातून १० अँपिअरचा स्थिर प्रवाह घ्यायचा आणि व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंत किती तास जातात ते पाहायचे. दहा तास टिकली तर क्षमता शंभर टक्के, आठ तास टिकली तर ऐंशी. ऐंशी टक्के ही जगभर मान्य झालेली निवृत्तीची रेषा आहे आणि ती मनाला येईल तशी ओढलेली नाही. त्या टप्प्यानंतर बॅटरी झपाट्याने खचते. शिवाय जाणकार अभियंता गरजेपेक्षा सव्वापट मोठी बॅटरी निवडतो, जेणेकरून ऐंशी टक्क्यांवर आल्यावरही गरज बरोबर भागेल. त्याखाली गेलेली बॅटरी बदलणे म्हणूनच नियोजनाचा भाग ठरतो, उधळपट्टी नव्हे. सीलबंद बॅटऱ्यांची अशी चाचणी निदान दर दोन वर्षांनी, आणि थकवा दिसू लागला की दरवर्षी, करावी असा दंडक आहे.

घरात एवढा काटेकोरपणा शक्य नाही आणि गरजेचाही नाही. १५० अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर सुमारे ३०० वॉटचा भार, म्हणजे तीन-चार पंखे, काही दिवे आणि एक राउटर, साधारण चार तास चालावा. वर्षातून एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुख्य स्विच बंद करून तोच भार लावावा, इन्व्हर्टर स्वतःहून बंद होईपर्यंतची वेळ इन्व्हर्टरच्या बाजूलाच चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहावी, आणि लगेच वीज चालू करून बॅटरी भरू द्यावी, कारण उतरलेली बॅटरी तशीच ठेवणे तिला फार अपायकारक असते. पहिल्या वर्षाच्या चार तासांचे सव्वातीन झाले की पैशाची तजवीज सुरू करता येते. खंडेनवमीला महाराष्ट्रात यंत्रांची पूजा होते, इन्व्हर्टरलाही झेंडूची माळ मिळते. पावसाळा सरत आलेला आणि गाळप हंगाम तोंडावर आलेला तो काळ या वार्षिक चाचणीला सर्व दृष्टींनी सोयीचा आहे, आणि पूजेच्या दिवशी यंत्राची विचारपूस करणे परंपरेला धरूनच होईल.

संस्थांच्या बाबतीत खरी अडचण ज्ञानाची नाही, खरेदीच्या पद्धतीची आहे. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था किंवा आरोग्य केंद्र बॅटरी घेताना तीन दरपत्रके मागवते, सर्वांत कमी दर मंजूर होतो, वॉरंटीचे कार्ड फाइलला लागते आणि पुढचा कागद त्या फाइलमध्ये येतो तो बॅटरी बसल्यावर. खरेदीच्या आदेशातच असे लिहून घेता येते की बॅटरी बसवताना पुरवठादाराने क्षमतेची चाचणी करून दाखवावी, सहा महिन्यांनी प्रत्येक बॅटरीचा रोध मोजून तक्ता द्यावा आणि देखभाल करारातील वार्षिक भेटीत संस्थेच्या प्रतिनिधीसमोर भारचाचणी घ्यावी, व तिच्या निकालावर दोघांच्या सह्या असाव्यात. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५५४९ हे सीलबंद स्थिर बॅटऱ्यांसाठीचे आणि आयएस १६५१ हे ट्यूब्युलर प्लेटच्या स्थिर बॅटऱ्यांसाठीचे मानक उपलब्ध आहे, आदेशात त्यांचा नुसता उल्लेख केला तरी मालाचा दर्जा आणि चाचणीची पद्धत वादातीत होते. बाद झालेली बॅटरीही याच कागदात यावी, कारण २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि भंगारवाल्याकडे किलोवर गेलेली बॅटरी फोडून आम्ल ओढ्यात ओतले गेले तर ते धरणाखालच्या शिवारातच उतरते. असा आदेश लिहायला एक पान पुरते. त्यावर बॅटरी बसवल्याची तारीख, जागेचे तापमान, पहिल्या दिवशीचा रोध आणि दर वर्षीचे तास यांचे रकाने आखले, म्हणजे पुढच्या लिपिकालाही जुना संच कधी बदलायचा हे कोणाला न विचारता ठरवता येईल.